आणखी एकच रोप!

साड्यांच्या दुकानात ‘बास, आता पुरे’ म्हणून उठणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. भांड्यांच्या दुकानातही पाहिल्या आहेत. पण रोपवाल्याच्या गाड्यापुढे ‘आता पुरे’ म्हणणारी बाई अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. मृगाची एखादी सर येऊन गेली, की आमच्या माजलगावात गल्लोगल्ली हे गाडे फिरायला लागतात. ‘गुलाऽब, मोगराऽऽ, जास्वंद...’ अशी हाळी आली, की हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून बायका दारात येतात. ‘नुसतं बघते हं,’ असं प्रत्येकीचं पहिलं वाक्य असतं. दुसरं वाक्य असतं, ‘केवढ्याला दिलं?’ आणि तिसरं, जरा हळू आवाजात, ‘बरं, दोन्ही दे.’

घरी कुंडी रिकामी नसते. अंगणात जागा नसते. गच्चीच्या जिन्यावर आधीच एका पायरीला दोन कुंड्या असतात आणि चढणाऱ्याला कसरत करावी लागते. तरी रोप घेतलं जातं. तेलाचा रिकामा डबा सापडतो, रंगाची बादली सापडते, नाहीच काही तर सिमेंटचं पोतं दुमडून त्यात माती भरली जाते. आणि संध्याकाळी घरातला पुरुष विचारतो, ‘हे कधी आलं?’ त्यावर ठरलेलं उत्तर, ‘अहो, हे जुनंच आहे. तुमचं लक्ष कुठं असतं?’

मैत्रिणींनो, हसू येतं खरं. पण या ‘आणखी एकच रोप’ प्रकरणात आपला पैसा आहे, पाणी आहे आणि आपलं मनही गुंतलेलं आहे. म्हणून त्याच्याकडे जरा नीट बघावं म्हणते.

रोप येतं कुठून?

गाडेवाल्याला विचारलं, तर तो नुसतं ‘आंध्राचा माल आहे’ म्हणतो. त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचं गाव आहे. ते आणि त्याच्या आसपासची गावं म्हणजे रोपवाटिकांचा मोठा मुलूख. तिथून ट्रक भरभरून रोपं देशभर जातात. आपल्या महाराष्ट्रातही पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांची रांग लागलेली दिसते. या दोन ठिकाणांहून टेम्पो निघतात आणि आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांत येऊन रिकामे होतात.

यात एक गंमत आहे. कडियमच्या रोपवाटिका ज्या पाण्यावर वाढल्या, ती आपलीच गोदावरी. आपल्या तालुक्यातल्या मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. तेच पाणी पुढे नांदेड, तेलंगण करत समुद्राजवळ पोचतं आणि तिथल्या कालव्यांतून रोपांना मिळतं. म्हणजे पाणी आपल्या दारावरून खाली जातं आणि रोप होऊन ट्रकनं वर परत येतं!

पण पाणी एक असलं, तरी हवा एक नाही. तिथं समुद्रकाठची दमट हवा, गाळाची माती, डोक्यावर हिरव्या जाळीची सावली. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि वारा असा कोरडा, की वाळत घातलेला परकर अर्ध्या तासात कडक होतो. तिथं वाढलेलं रोप आणून आपण थेट गच्चीवरच्या उन्हात ठेवतो. मग आठ दिवसांत पानं गळतात, आणि बाई म्हणते, ‘माझा हातच चांगला नाही बाई, माझ्या हाताला झाड लागतच नाही.’

हाताचा दोष नसतो. रोपाच्या मुळाशी बघा. बऱ्याच रोपांना चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. वाहतुकीत मूळ हलू नये म्हणून तो तसा बांधलेला असतो. तो न फोडता कुंडीत लावला, तर वरून घातलेलं पाणी बाजूनं निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो. काही रोपं नुसत्या कोकोपीटात, म्हणजे नारळाच्या भुशात वाढवलेली असतात. त्याचं उलटं. वरून भुसा कोरडा दिसतो म्हणून आपण पाणी घालत राहतो, आणि खाली मुळं सडतात. गुलाबाची तर वेगळीच कथा. फुलाचा गुलाब हा रानगुलाबाच्या खोडावर डोळा भरून केलेला असतो. कलमाच्या गाठीखालून जोमदार फुटवा येतो, आपण खूश होतो, ‘काय वाढलंय बघा!’ पण ते खालच्या रानगुलाबाचं असतं. तो फुटवा काढला नाही, तर वरचा गुलाब उपाशी मरतो. मग पुढच्या पावसाळ्यात नवा गुलाब घ्यायला आपण पुन्हा गाड्यापुढं उभ्या!

मोह नेमका कशाचा?

बचत गटाच्या कामानिमित्त माझं घरोघरी जाणं होतं. कोणाच्याही घरी गेलं, तरी आधी मला झाडं दाखवली जातात, मग पाणी विचारलं जातं. एका भाड्याच्या घरात दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. दाराबाहेर जेमतेम चार फूट जागा. तिथं त्या घरच्या सुनेनं सत्तावीस डबे-कुंड्या मांडल्या आहेत. मी सहज म्हटलं, ‘अगं, एवढी कशाला? एक तर तुझं पाणी विकतचं.’ ती माझ्याकडं न बघता पानावरची धूळ पुसत म्हणाली, ‘काकू, या घरात माझ्या मनानं आणलेली एवढीच एक वस्तू आहे.’

तिचं ते वाक्य मी विसरू शकत नाही. घरातला टीव्ही कोणता घ्यायचा, भिंतीला रंग कोणता द्यायचा, सणाला साडी कुठून घ्यायची, हे ठरवताना तिला कोण विचारतं? पण तीस-चाळीस रुपयांचं रोप घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. भाजीच्या पैशातून उरवून ते आणता येतं. ते आपलं असतं. ते उलट बोलत नाही. त्याला कळी आली, की आपल्यामुळं आली, हे आपल्याला ठाऊक असतं.

दुसरीकडे पन्नाशीकडं झुकलेल्या बायका आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी छत्रपती संभाजीनगरला. घर एकदम शांत झालेलं. सकाळी उठून कोणाचा डबा करायचा नाही, कोणाला ‘ऊठ’ म्हणून हाक मारायची नाही. अशी एक शेजारीण रोज सकाळी कुंड्यांशी बोलते. ‘काय गं, कालचं पाणी पुरलं नाही का तुला?’ असं ती जास्वंदीला विचारते, तेव्हा आम्ही कोणी हसत नाही. तिच्याकडे आज साठेक कुंड्या आहेत आणि गुडघे दुखत असताना ती जिन्यावरून पाणी वर नेते.

म्हणजे रोप घेताना आपण रोपाबरोबर आणखी काही घेत असतो. ते काय आहे, हे एकदा स्वतःला विचारलं, तर निम्मा गोंधळ कमी होतो. मोकळीक हवी असेल, सोबत हवी असेल, तर ती आहे त्या दहा झाडांतही मिळते. अकराव्याला ती जास्त मिळेल असं नाही.

हा मोह जुना, आणि जगभरचा

आपल्यालाच हे वेड आहे असं समजू नका. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कांद्यांनी लोकांना असंच झपाटलं होतं. कांदा जमिनीतच असायचा आणि वर त्याचे सौदे व्हायचे. रंगीत पट्ट्यांच्या काही दुर्मीळ फुलांचे कांदे घराच्या किमतीला गेले, असं सांगतात. १६३७ च्या फेब्रुवारीत भाव कोसळले आणि सारा बाजार बसला. खरी गंमत तर पुढंच कळली. ज्या पट्ट्यांसाठी लोक जीव टाकत होते, तो एक रोग होता! १९२० च्या दशकात डोरोथी केली या इंग्लंडमधल्या बाईनं संशोधन करून दाखवलं, की हे पट्टे एका कांद्याकडून दुसऱ्या कांद्याला लागण होऊन येतात. पुढं तो विषाणू आणि तो पसरवणारा मावा असा सगळा उलगडा झाला. लागण झालेला कांदा दर वर्षी कमजोर होत जातो, म्हणून ती फुलं दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग!

तीनशे-चारशे वर्षांत माणूस शहाणा झाला म्हणावं, तर २०२० साली टाळेबंदी लागली. लोक घरात अडकले आणि जगभर घरातल्या झाडांना मागणी आली. २०२१ च्या जूनमध्ये न्यूझीलंडमध्ये जेमतेम आठ-नऊ पानांची एक वेल लिलावात १९ हजार डॉलरहून जास्त किमतीला गेली. आपल्या पैशात सुमारे चौदा लाख रुपये! कारण काय, तर तिची पानं अर्धी पांढरी होती. आता पान पांढरं असणं म्हणजे त्या भागात हरितद्रव्य नसणं. तो भाग स्वतःचं अन्न तयार करत नाही. म्हणून अशी वेल सावकाश वाढते, लवकर रुसते आणि म्हणूनच कमी मिळते. पुन्हा तीच कथा.

आपल्या गाड्यावरही बघा. साधा हिरवा मनीप्लांट वीस रुपयांना आणि पांढऱ्या ठिपक्यांचा ऐंशीला. ऐंशीवाला घरी येऊन रुसतो, वीसवाला खिडकी झाकून टाकतो.

आपलं म्हणता म्हणता परदेशी

अंगणातली किती झाडं मूळची आपली आहेत, हे पाहिलं तर नवल वाटतं. दसऱ्याला ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा. तिथंही मृतांच्या सणाला लोक झेंडूच वाहतात. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी अमेरिका खंडातली. देवळाच्या आवारातला पांढरा खुरचाफा मध्य अमेरिकेतला. गुलमोहर मादागास्करचा, आणि सदाफुलीही तिथलीच. ही सदाफुली गुरं खात नाहीत, म्हणून आपण कुंपणाला लावतो. तिच्यापासून मिळणारी औषधं रक्ताच्या कर्करोगावर, विशेषतः लहान मुलांच्या, वापरली जातात, हे सांगितलं की बायका तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

बोगनवेलीची गोष्ट तर प्रत्येक बाईनं ऐकावी अशी. ती ब्राझीलची. बूगनविल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत १७६७ साली ती युरोपीय लोकांच्या नजरेला पडली आणि त्याचंच नाव तिला मिळालं. त्या सफरीत वनस्पती गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञाबरोबर त्याचा एक मदतनीस होता. ओझी वाहणारा, डोंगर चढणारा, रोपं दाबून ठेवणारा. पुढं उघड झालं, की तो मदतनीस म्हणजे झान बारे नावाची बाई होती! जहाजावर बायकांना बंदी, म्हणून ती पुरुषाच्या वेषात गेली. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. वेलीला नाव मात्र कप्तानाचं लागलं. दारावरच्या बोगनवेलीकडं बघून मला नेहमी तीच आठवते.

पण हौसेनं आणलेलं सगळंच गोड निघतं असं नाही. आपल्या नद्या-तळ्यांना गिळणारी जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या देशात आली ती तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठी. बांधाबांधावर माजलेली घाणेरी त्याच शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेचं झाड म्हणून आली. कोणीतरी एकदा ‘किती छान फूल आहे, घेऊ या की’ म्हटलं, त्याची ही फळं. म्हणून घरातली जलपर्णी नको झाली, की ती ओढ्यात टाकू नका. वाळवून खतात घाला.

पाटीवर लिहिलंय म्हणून

हल्ली रोपवाटिकेत प्रत्येक कुंडीला चिठ्ठी असते. ‘हवा शुद्ध करणारे’, ‘भाग्य उजळवणारे’, ‘वास्तुदोष घालवणारे’. चिठ्ठी वाचली, की हात पुढं होतो.

हवा शुद्ध करण्याची गोष्ट आली ती अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या १९८९ सालच्या एका प्रयोगातून. तो प्रयोग छोट्या बंद पेटीत केला होता. आपलं घर म्हणजे पेटी नव्हे. दार-खिडकीतून वारा खेळतो. २०१९ साली अमेरिकेतल्याच दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग पुन्हा तपासले. त्यांचा हिशोब असा, की उघड्या खिडकीएवढा परिणाम हवा असेल, तर एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं ठेवावी लागतील. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वद कुंड्या! मग माणसं कुठं झोपणार? त्यापेक्षा खिडकी उघडा, फुकटचं काम होतं.

‘लकी बांबू’ हा बांबूच नव्हे. तो आफ्रिकेतल्या एका वेगळ्याच झाडाचा तुकडा आहे. आणि मनीप्लांट चोरून आणला तरच पैसा येतो, असं म्हणतात. तसं असतं, तर आमच्या अर्ध्या गल्लीनं बंगले बांधले असते!

चिठ्ठीवर जे लिहिलेलं नसतं, ते मात्र माहीत हवं. मोठ्या ठिपकेदार पानांचं डिफेनबॅकिया दिवाणखान्यात हौसेनं ठेवतात. त्याचं पान लहान मुलानं चावलं, तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. रांगतं मूल असलेल्या घरात ही दोन नकोतच.

हंड्याचा हिशोब

आता खरा मुद्दा. आपण बीड जिल्ह्यात राहतो. पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही दर वर्षी पुरी पडेल याची खात्री नाही. उशाला सिंदफणेवरचं माजलगावचं धरण आहे, पैठणच्या नाथसागराचा उजवा कालवा इथवर येतो, उसाचे फड दिसतात. म्हणून बाहेरच्याला वाटतं, यांना काय कमी. पण २०१६ चा उन्हाळा आठवा. मराठवाड्यातली मोठमोठी धरणं तळाला गेली होती. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत हंड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या आपणच होतो.

उन्हाळ्यात एका मध्यम कुंडीला दिवसाला साधारण एक लिटर पाणी धरा. चाळीस कुंड्या म्हणजे चाळीस लिटर, म्हणजे जवळजवळ तीन हंडे. महिन्याला नव्वद हंडे! नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात हे नव्वद हंडे कोण भरणार, कोण वर नेणार? नवीन रोप घेताना ‘केवढ्याला?’ असं विचारतो, त्याऐवजी ‘किती पाणी पितं?’ असं विचारायला आपण शिकलं पाहिजे.

आपल्या आजी-पणजीचा हिशोब पक्का होता. न्हाणीचं पाणी जिथं जाई, तिथं अळू आणि केळ. भांडी घासायच्या जागेशेजारी गवती चहा, कढीपत्ता. तुळशीला सकाळचा एक तांब्या. झाडासाठी वेगळं पाणी असं कोणी भरतच नव्हतं. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवलं, तर आजही आठ-दहा कुंड्या त्यावर जगतात. साबणाचं पाणी मात्र कुंडीला नको.

आणि एक चित्र मी इथं सांगितल्यावाचून राहू शकत नाही. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या पुढं-मागं परततात. एका वस्तीवर मी परसबागेचं बियाणं वाटत होते. एका बाईनं पुडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. म्हणाली, ‘ताई, लावून जाईन बी. पण सहा महिने पाणी कोन घालील? वाळलेलं बघायला यायचं का परत?’ मग आम्ही तिच्या दारात पावसाळ्याच्या तोंडी शेवग्याची फांदी रोवली. शेवगा एकदा धरला, की फार पाणी मागत नाही. ती परत आली तेव्हा त्याला शेंगा नव्हत्या, पण पाला होता. तिनं त्या पाल्याची भाजी केली.

एकीकडं जिन्याखाली वाळलेल्या रोपांच्या पिशव्यांचा ढीग आणि दुसरीकडं एका झाडासाठी सहा महिन्यांचा हिशोब करणारी ही बाई. रोप घेताना मला ती आठवते आणि मग घ्यायचं ते मी जास्त विचारानं घेते.

विकत घेण्याऐवजी

झाडाचा मोह सोडा, असं मी कोणाला म्हणणार नाही. अरणचे सावता महाराज आपल्या मळ्यातच विठ्ठल बघत होते. झाडांत जीव रमणं ही आपल्या मातीतलीच गोष्ट आहे. फक्त तो मोह दुकानाकडून घराकडं वळवावा.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं गावरान बियाणं जपलं, वाढवलं, दुसऱ्यांना दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी घरात जमवलं ते बियाणं, आणि बियाणं जमवायला पैसा लागत नाही. नजर आणि चिकाटी लागते. मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून बाग फुलवली ती भाज्यांच्या सालींपासून आणि उरल्यासुरल्या अन्नापासून केलेल्या खतावर. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून तेच सांगितलं होतं: आपल्या दारातलं ऊन, पालापाचोळा आणि थोडं पाणी यांचा नीट हिशोब केला, तर बाहेरून फारसं काही आणावं लागत नाही.

आमच्या महिला मंडळात आम्ही एक साधी पद्धत पाडली. आषाढात एक दुपार ठरवायची. प्रत्येकीनं घरातल्या झाडाची फांदी, फुटवा, कंद किंवा बी आणायचं. एक द्यायचं, एक घ्यायचं. ज्या बाईच्या घरी झाड वाढलं, तीच ते कसं वाढवायचं हे सांगणार. कारण तिनं ते माजलगावच्या उन्हात, इथल्याच मातीत जगवलेलं असतं. मोगरा, जास्वंद, मधुमालती, बोगनवेल, गवती चहा, ब्रह्मकमळाचं पान, कोरफडीची पिल्लं, सगळं फिरतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही प्लास्टिकच्या डब्याऐवजी तुळशीचं किंवा कढीपत्त्याचं रोप वाण म्हणून देतो. सासूच्या हातचं, नणंदेकडचं, बालमैत्रिणीकडचं अशी झाडांची नाती लागतात. गाड्यावरच्या रोपाला असं नातं नसतं.

ज्या सुनेकडं सत्तावीस डबे आहेत, ती या दुपारी सगळ्यात जास्त बोलते. जास्वंदीची फांदी कुठं तिरकी कापायची, किती डोळे मातीत गाडायचे, हे ती दाखवते तेव्हा साठीच्या बायका तिच्याभोवती बसून ऐकतात. आता तिच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘आमच्या सूनबाईंना इच्यारा, त्यांना लई कळतंय झाडातलं.’ आणि हल्ली ती स्वतः रोपं तयार करते. गेल्या पावसाळ्यात वीस-वीस रुपयांनी काही विकलीसुद्धा.

घेण्याआधी एवढं करा

१. घरात आधी जागा ठरवा, मग रोप आणा. त्या जागी किती तास ऊन येतं ते एक दिवस बघा. गुलाब, मोगरा, जास्वंद यांना निदान पाच-सहा तास ऊन हवंच.

२. खरेदी पावसाळ्यात करा. फेब्रुवारीनंतर आणलेलं नाजूक रोप आपल्या उन्हाळ्यात तगवणं कठीण.

३. फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका. कमी फुलांचं, नवी पालवी असलेलं, बुंध्याशी मजबूत रोप घ्या. पानं उलटून बघा. खाली पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल, तर ते घरच्या सगळ्या झाडांना लागेल.

४. आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात सरकवा. मुळाशी चिकणमातीचा गोळा असेल, तर पाण्यात भिजवून हलक्या हातानं सैल करा.

५. कुंडीच्या तळाला भोक हवं. आपली काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

६. बोट मातीत दोन पेरं घालून बघा. आत ओल असेल, तर पाणी नको. कुंडीतली जास्त झाडं कोरडी पडून नाही, पाण्यानं कुजून मरतात.

७. कमी पाण्यावर खूश राहणारी झाडं आधी निवडा. बोगनवेल तर पाणी कमी केलं की जास्त फुलते. सदाफुली, अडेनियम, कोरफड ही आपल्या हवेची मंडळी. भाजीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी लावून बघा. तिला पिवळ्या शिरांचा रोग कमी लागतो.

८. एक नवीन आणायचं, तर आधी एक जुनं कोणाला तरी द्यायचं. हा नियम घरातल्या पुरुषांनाही फार आवडतो!

जून उजाडला, की गाडा दारावरून जाणारच आहे. हाळी ऐकू आली, की जरूर बाहेर या. बघा, हात लावा, नाव विचारा, भाव करा. मग गाडेवाल्याला विचारा, ‘दादा, पाणी किती लागतं याला?’ आणि घरातल्या झाडांवर एकदा नजर टाका. त्यांतल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि कोणाकडून आलं ते तुम्हाला सांगता येत असेल, तर घ्या आणखी एक. खुशाल घ्या.